रोज पर्वती चढतो, पण आईला जमिनीवरून उठवता आलं नाही

पत्र :
नमस्कार ताई, मी ४७ वर्षांचा, पुण्यात सहकारनगरला राहतो, आयटीत आहे. गेली चार वर्षं आठवड्यातले पाच दिवस सकाळी पर्वती, दोन फेऱ्या, आणि महिन्यातून एकदा सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेनं. बीपी, शुगर नॉर्मल. ऑफिसात सगळे मला फिट म्हणतात आणि मलाही तसंच वाटायचं. मागच्या महिन्यात आई, वय ७४, बाथरूममधून बाहेर येताना पाय घसरून खाली बसली. नशिबानं काही मोडलं नाही, पण मला तिला उठवताच येईना. काखेत हात घालून ओढायला गेलो तर माझ्याच कंबरेत उसण भरली. शेवटी खालून वॉचमनला बोलावलं. कंबर पंधरा दिवसांत बरी झाली पण ती गोष्ट मनातून जात नाहीये. एवढा व्यायाम करून मी कमावलं काय? जिमचा मला मनापासून कंटाळा आहे, आणि सकाळी ४५ मिनिटांच्या वर वेळ नाही. त्यात काय बसवू? आईला काय करायला सांगू? ती म्हणते, आता या वयात कसला व्यायाम.
एक पर्वतीकर

उत्तर :
पर्वतीकर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सगळ्यात आधी हे सांगते की चार वर्षं, आठवड्यातले पाच-पाच दिवस पर्वती चढणं ही मोठी कमाई आहे, तिला शून्य म्हणू नका. मी २२ वर्षं फिजिओथेरपी करतेय, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना सलग एक आठवडा नुसतं चालायला लावणं हेच मला सगळ्यात अवघड जातं. ती सवय तुमच्या अंगात मुरलेली आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालंय.

पायऱ्या चढण्याचं महत्त्व किती, तर १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या लोकांचा एक अभ्यास छापला होता. ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघं एकाच गाडीवर, राहणीमान साधारण सारखंच, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं द्यायला दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हार्ट अटॅकचं प्रमाण कंडक्टरांमध्ये बरंच कमी निघालं. व्यायाम आणि हृदयाचा संबंध लोक गंभीरपणे घ्यायला लागले ते तिथपासून. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, दोन फेऱ्या म्हणजे २०६ पायऱ्यांचा चढ तुम्ही नाश्त्याच्या आधीच उरकता. तुमच्या हृदयाचं, फुफ्फुसांचं, मांड्या-पोटऱ्यांचं काम चोख चाललंय, बीपी-शुगर नॉर्मल आहे त्यात याचा वाटा नक्की आहे.

मग त्या दिवशी काय झालं? शरीर फार हिशोबी असतं हो. जे काम रोज मागाल त्याचीच तयारी ते ठेवतं, आणि जे कधीच मागत नाही ते हळूहळू गुंडाळून ठेवतं, कारण स्नायू सांभाळायला त्याला खर्च येतो. आता पर्वती चढताना तुमचं शरीर आठवून बघा. पाय काम करतायत, छाती भात्यासारखी चाललीये, आणि हात? हात नुसते लोंबतायत, एका हातात फार तर मोबाईल. पाठ सरळ. चार वर्षांत त्या पायऱ्यांवर तुम्हाला एकदाही वाकून जमिनीवरचं काही जड उचलायला लागलेलं नाही, काही ओढायला लागलेलं नाही, काही छातीशी धरून न्यायला लागलेलं नाही. आणि मग एका सकाळी, तयारी नसताना, ओल्या फरशीवर, मन घाबरलेलं असताना, तुम्ही शरीराकडे एकदम पन्नास-साठ किलो मागितले. नाही जमलं, यात तुमची काही चूक नाही, हे काम कधी दिलेलंच नव्हतं.

कंबरेत उसण का भरली तेही समजून घ्या कारण पुढचा सगळा व्यायाम त्यावरच उभा आहे. पाण्याची अर्धी भरलेली बादली अंगाला लागून धरा, मग तीच हात लांब करून धरून बघा. वजन तेवढंच, पण दुसऱ्या वेळी कंबर लगेच बोलायला लागते. तुम्ही आईंना काखेत धरलं तेव्हा बहुतेक गुडघे जवळजवळ सरळ, पाठीची कमान आणि आईंचं वजन तुमच्यापासून हातभर लांब असं झालं असणार. सगळा भार कंबरेच्या खालच्या भागावर आला, आणि ज्यांनी तो घ्यायचा ते बसायच्या जागेचे नि मांडीच्या मागचे मोठे स्नायू कामालाच लागले नाहीत.

आपल्या आजीच्या काळात हे वेगळं सांगायला लागत नव्हतं असं मला फार वाटतं. विहिरीवर रहाटाचा दोर ओढायचा, भरलेली घागर कमरेवर, हंडा डोक्यावर घेऊन घरी यायचं, उकिडवं बसून भांडी घासायची, जात्यावर ढकलायचं आणि ओढायचं. त्या कष्टांचं मला कौतुक करायचं नाहीये, त्यात बायकांची शरीरं झिजली आणि नळ आला ते फार चांगलं झालं. पण ते कष्ट गेले तसं 'ओढणं' नावाची हालचाल आपल्या दिवसातून पार पुसली गेली. ढकलणं थोडंफार उरलंय, दार ढकलतो, ट्रॉली ढकलतो. ओढायचं काय? माझ्याकडे खांदे-मान धरलेले जे आयटीवाले येतात त्यांच्यात मला हेच दिसतं, पुढची छाती आखडलेली आणि पाठीच्या वरच्या भागात जीव नाही.

तालमीत हे बरोबर ठेवलेलं होतं बघा. तुमच्या घरापासून पेठांमधल्या तालमी काही लांब नाहीत, चिंचेची तालीम, जगोबादादा तालीम, आजही आहेत. तिथे जोर म्हणजे ढकलणं झालं, बैठका म्हणजे बसून उठणं झालं, मुद्गल फिरवणं म्हणजे खांदे आणि पकड, मल्लखांब किंवा दोर चढणं म्हणजे अंग वर ओढणं, आणि फावड्यानं आखाड्याची माती खणणं म्हणजे वाकणं, उचलणं, वळणं सगळं एकदम. कुणी एकच गोष्ट करून थांबत नसे. तुम्हाला पैलवान व्हायचं नाहीये, पण तोच विचार ४५ मिनिटांत बसवायचाय.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलंय ते मोठ्या माणसांसाठी असं आहे की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि त्याशिवाय आठवड्यातून कमीत कमी दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि 'त्याशिवाय'च्या पुढचं विसरतात. मध्यम दम म्हणजे काय ते ओळखायला घड्याळ लागत नाही, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये असं झालं की मध्यम, आणि दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला की जोरदार. तुमची पर्वती चढताना जोरदार आणि उतरताना हलकी, म्हणजे तीन दिवस पर्वती आणि रविवारचं चालणं धरलं तर तुमचा दमाचा कोटा साधारण भरतो. म्हणून मी सांगेन की पाच दिवसांतले दोन दिवस पर्वतीकडून घ्या आणि ताकदीला द्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पर्वती तशीच ठेवा. मंगळवार आणि गुरुवार घरी. शनिवार अंग मोकळं करायचा. रविवारी सिंहगड असेल तर सिंहगड, नसेल तर बायको-मुलांबरोबर तळजाईच्या टेकडीवर एक निवांत चक्कर, त्या दिवशी घड्याळाकडे बघायचं नाही.

दहा हजार पावलांचं पण एकदा बोलते कारण तुमच्या हातातही ते घड्याळ असणार. हा आकडा काही शास्त्रज्ञांनी शोधून काढलेला नाही, टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलं मोजणारं यंत्र असं होतं, तिथून तो जगभर पसरला. पावलं मोजून चालावंसं वाटत असेल तर मोजा, पण ८२०० झाली म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारे लोक मी बघते तेव्हा वाईट वाटतं, त्यापेक्षा तेव्हा झोपावं.

मंगळवार-गुरुवारची ४५ मिनिटं कशी घालवायची ते सांगते. पहिली पाच-सात मिनिटं अंग तापवायला, जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, कंबर दोन्ही बाजूंना वळवणं. मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, वाकायला शिकणं. हो, शिकणंच, कारण आपण वाकतो ते पाठीतून वाकतो आणि वाकायचं असतं खुब्यातून. एक काठी घ्या, झाडूचा दांडा चालेल. ती पाठीमागे उभी धरा, एक हात मानेमागे, एक कंबरेमागे, आणि काठी तीन जागी टेकली पाहिजे, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड. आता गुडघे जरासे ढिले सोडा आणि ढुंगण मागे न्या, जणू मागे उघडं राहिलेलं दार तुम्हाला ढुंगणानं लावायचंय, आणि छाती आपोआप पुढे खाली येऊ द्या. तिन्ही जागांपैकी एक जरी सुटली तर पाठ वाकली असं समजायचं, परत वर यायचं. पहिल्या दिवशी तुम्ही बहुतेक फार खाली जाणारच नाही, मांडीच्या मागे ताण येईल, तिथेच थांबायचं, तो ताण येणं हीच खूण की बरोबर चाललंय. दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. दोन आठवडे नुसती काठी, वजन काही नाही. कंबर नुकतीच बरी झालीये तर यात घाई अजिबात नको. मग हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन, तो पायाला घासत खाली आणि वर, मग दोन कॅन.

दुसरं बसून उठणं. तुमचे पाय चांगले आहेत त्यामुळे बैठका तुम्हाला लगेच जमतील, पण त्या वजन छातीशी धरून करा, सॅकमध्ये पुस्तकं भरून ती मिठीत धरल्यासारखी. आईंना उठवताना जे झालं नाही, वजन अंगाजवळ ठेवून पायांनी उठणं, त्याचीच ही तालीम आहे.

तिसरं ढकलणं, म्हणजे जोर. जमिनीवर दहा जोर स्वच्छ निघत असतील तर जमिनीवर, नसतील तर किचनच्या ओट्यावर हात टेकवून तिरके करा, त्यात कमीपणा काही नाही. अर्धवट खाली जाऊन डोकं हलवत वीस काढण्यापेक्षा ओट्यावरचे आठ पूर्ण मला जास्त आवडतील.

चौथं ओढणं. खेळाच्या दुकानात रबरी बँड मिळतो तो एक आणा, खिडकीच्या भक्कम गजाला अडकवा आणि दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा, कोपरं अंगाला लागून मागे, शेवटी दोन खांद्यांच्या पाती एकमेकींजवळ येतायत ना बघा. बँड नसेल तर एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हातानं तीच पुस्तकांची सॅक जमिनीवरून कमरेपर्यंत ओढा. तुमच्यासारख्या दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसानं ढकलण्यापेक्षा ओढणं थोडं जास्तच करावं असं माझं ठाम मत आहे.

आणि शेवटी वाहून नेणं, यासारखा साधा आणि यासारखा दुर्लक्षित व्यायाम दुसरा नाही. दोन हातांत दोन भरलेले कॅन, खांदे मागे, मान सरळ, आणि पॅसेजमध्ये चाळीस पावलं जा, चाळीस या. मग एकाच हातात एक कॅन घेऊन तसंच, त्यात पोटाच्या बाजूचे स्नायू तुम्हाला एका बाजूला कलू न देण्यासाठी झटतात, ते कळेल. पकड, खांदे, पोट, पाठ, पाय सगळं त्यात आलं. महिना-दोन महिन्यांनी पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार दाराशी आला की तो तुम्ही स्वतः छातीशी धरून आत न्या.

पोटासाठी वेगळं फार नको. रांगायच्या पोझिशनमध्ये उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताठ करून पाच आकडे मोजायचे, मग उलट, आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलून धरायची, हे दोन प्रकार कंबरेच्या दुखण्यानंतर मी बहुतेक सगळ्यांनाच देते. हे सगळं प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन राउंड, पुढे तीन. वजन किती घ्यायचं तर शेवटचे दोन जरा जड जावेत इतकं. बारा सहज निघायला लागले की थोडं वाढवायचं. न वाढवता तेच तेच करत राहिलात तर शरीर परत म्हणेल एवढंच लागतं ना, आणि थांबेल, तुमच्या पर्वतीचं चार वर्षांत तेच झालंय.

शनिवारी सूर्यनमस्कार घाला, सावकाश, श्वासाबरोबर, आठ-दहा पुष्कळ झाले. आपल्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी हा व्यायाम शाळाशाळांतून आणि घराघरांतून पोचवला, त्याला जागा लागत नाही, सामान लागत नाही, पाठीचा कणा पुढे-मागे मोकळा होतो, खांदे उघडतात. लोक मला विचारतात की नुसते सूर्यनमस्कार घातले तर चालेल का, तर माझं उत्तर असं की त्यात ढकलणं आहे, ताणणं आहे, पण ओढणं नाही आणि वजन उचलणं नाही, म्हणून एकटे पुरत नाहीत. सूर्यनमस्कारांनंतर पाच मिनिटं उकिडवं बसा, टाचा टेकत नसतील तर खाली घडी केलेला टॉवेल ठेवा. जेवायला जमेल तेव्हा खाली मांडी घालून बसा आणि उठताना हात न टेकता उठायचा प्रयत्न करा, हळूहळू जमेल. आणि तोलासाठी सकाळी दात घासताना एक मिनिट उजव्या पायावर, एक मिनिट डाव्या, बेसिन जवळच असतं धरायला.

तिशीनंतर आपले स्नायू दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के कमी होतात आणि साठीनंतर वेग वाढतो. तुम्ही ४७ चे, आता जे साठवाल ते ७४ व्या वर्षी कामाला येणार आहे. जेवणाकडेही त्या नजरेनं बघा. नुसती पोळी-भाजी आणि भाताबरोबर पातळ वरण यात प्रोटीन कमी पडतं, प्रत्येक जेवणात उसळ, पिठलं, दही, पनीर, अंडी, मासे यातलं काहीतरी भरभक्कम असू द्या, आईंच्या ताटातही, त्यांना तर तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे. झोप सात तास. ऑफिसात तासाला एकदा खुर्चीतून उठा, फोनवरचे कॉल उभं राहून किंवा चालत घ्या. पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या निसरड्या होतात तेव्हा जिन्यावर या, सोसायटीचा जिना काही वाईट नाही.

आता काळजीचं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चढताना नेहमीपेक्षा वेगळा दम, चक्कर, यातलं काही झालं तर व्यायाम थांबवून डॉक्टर, दुसऱ्या दिवशी बघू असं नाही. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर वजनं वाढवण्याआधी एकदा तपासून घ्या. कंबर परत धरली तर सक्तीची झोप घेऊन पडून राहू नका, हलकं चालत राहा, बहुतेक वेळा काही आठवड्यांत ती निवळते, पण कळ गुडघ्याच्या खाली पायात उतरली, पाय बधिर वाटायला लागला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर लगेच हॉस्पिटल गाठा.

आता आई. त्या म्हणतात या वयात कसला व्यायाम. त्यांना ही गोष्ट सांगा. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम वजन लावून दिला, आणि ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. नव्वदीत. तुमच्या आई तर अजून ७४ च्या आहेत. तोलाचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम करणाऱ्या वयस्कर लोकांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं असं खूप अभ्यास एकत्र करून दिसलंय. ६५ च्या पुढच्यांना तोलाचा व्यायाम आठवड्यात कमीत कमी तीन दिवस सांगितलेला आहे.

त्यांनी करायचं ते असं. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावर बसायचं आणि हात न लावता उठायचं, सुरुवातीला हात लावला तरी चालेल, पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी, पुढे दहा. ओटा धरून टाचा वर उचलायच्या आणि हळू खाली सोडायच्या. ओटा धरूनच एका पावलासमोर दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून, दहा सेकंद उभं राहायचं. शेजारी तुम्ही किंवा सूनबाई उभ्या पाहिजेत. व्यायाम हा शब्द त्यांना नको असेल तर म्हणू नका, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी हे करू या का आई, एवढंच म्हणा. गुडघे थोडे दुखत असतील म्हणून हे टाळायचं नाही, हळूहळू मांडीची ताकद वाढली की गुडघ्याला उलट बरं वाटतं, पण सूज आली किंवा दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी करायचं. बाथरूममध्ये पकडायला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या, टॉवेलची दांडी धरून उभं राहायचं नसतं, ती निघते. रबरी मॅट, रात्रीचा छोटा दिवा, आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहणं. डोळ्यांचा नंबर आणि बीपीच्या गोळ्या एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या, गोळ्यांमुळे उठताना चक्कर येत असेल तर तेही पडण्याचं कारण असतं.

आणि परत कधी पडल्याच तर उचलायची घाई करायची नाही. आधी दोन मिनिटं तसंच राहू द्या, बोला त्यांच्याशी. खुब्यात जोरात कळ, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या अंगाला वळलेला दिसतोय, डोक्याला लागलंय, उलटी किंवा ग्लानी येतेय, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोकं आपटलंय, यातलं काहीही असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. यातलं काही नसेल तर त्यांना त्यांच्याच बळावर उठवायचं. आधी कुशीवर वळायला सांगा. मग कोपरावर, मग तळहातावर जोर देऊन अर्धवट उठायचं, तिथून दोन्ही हात-गुडघे टेकून रांगायच्या पोझिशनमध्ये यायचं, गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी किंवा उशी सरकवा. समोर एक लाकडी खुर्ची, प्लॅस्टिकची नको, तिच्या बैठकीवर त्यांनी दोन्ही हात ठेवायचे. ज्या पायात जास्त बळ आहे तो पुढे आणून पाऊल टेकवायचं, रामाच्या पायाशी मारुती बसलेला असतो ना, एक गुडघा खाली आणि एक वर, तसं. तिथे एक दम घ्यायचा. मग हातांनी खुर्ची दाबत आणि पायानं जमीन दाबत वर यायचं, आणि तुम्ही मागून दुसरी खुर्ची सरकवायची, की तिच्यावर बसल्या. तुमचं काम खुर्च्या सरकवायचं आणि कमरेशी हात ठेवून धीर द्यायचं. यात तुमच्या कंबरेवर जवळजवळ काहीच येत नाही.

हे पहिल्यांदा पडल्यावर करायला गेलात तर जमणार नाही, भीतीनं दोघंही गडबडाल. म्हणून या रविवारी दुपारी हॉलमध्ये जाड गादी अंथरा, दोन खुर्च्या आणा, आधी तुम्ही स्वतः आईंसमोर खाली झोपून या सगळ्या पायऱ्या करून उठून दाखवा, मग त्यांना एकेक पायरी करायला लावा, नुसतं कुशीवर वळून कोपरावर येण्यापर्यंत झालं तरी पहिल्या दिवशी बास. नातवंडांना खुर्ची धरायला उभं करा. आणि मला सहा आठवड्यांनी लिहा, काठी तिन्ही जागी टेकायला लागली का आणि आई कुठल्या पायरीपर्यंत आल्या ते.